वक्राभोवतीचे वळसे : सहा कस्प आणि एक शांकव

ग्वाल्हेरच्या मराठी वाचकाला श्रीराम अभ्यंकर हे नाव नवे नाही. जन्म १९३० साली उज्जैनचा, वाढले ग्वाल्हेरात, वडील गणिताचे प्राध्यापक. १९५५ मध्ये हार्वर्डला ऑस्कर झारिस्कींकडे त्यांनी पीएच.डी. केली. झारिस्कींचा एक प्रश्न तेव्हा पाव शतक जुना होता, आणि पुढे तो अभ्यंकरांनीही हाती घेतला.

संमिश्र प्रक्षेपी प्रतलातून (निर्देशक संमिश्र संख्या, शिवाय अनंतावरची रेषा) बैजिक वक्र, म्हणजे बहुपदी समीकरणाचा वक्र, काढून टाकला, तर उरलेल्या जागेत कोणकोणते वळसे घालता येतात? कागदावरचा वक्र कागदाचे तुकडे करतो. इथे प्रतल चार वास्तव मितींचे आणि वक्र दोन मितींचा. तुकडे पडत नाहीत, पण वक्राभोवती घातलेली फेरी सुटत नाही. एका फेरीनंतर दुसरी घालणे हा गुणाकार मानला, की या फेऱ्यांचा गट बनतो : मूलभूत गट.

तो काढायची रीत झारिस्कींनी १९२९ मध्ये वापरली. निघालेले संबंध (फेऱ्यांमधली समीकरणे) पुरेसे आहेत हे व्हान काम्पेन यांनी १९३३ मध्ये सिद्ध केले. वक्राची घात d असेल तर सर्वसाधारण रेषा त्याला d बिंदूंत छेदते, म्हणून d जनक : प्रत्येक बिंदूभोवतीची एक फेरी, बाकी सगळ्या यांतूनच बनतात. रेषा एका बिंदूभोवती फिरवत न्यायची. वक्राला स्पर्श करणारी किंवा त्याच्या नोड-कस्पांतून जाणारी रेषा ती विशेष. विशेष रेषेभोवती फेरी घातली की छेदबिंदू वेणीच्या पेडांसारखे एकमेकांत गुंततात. गुंतणाऱ्या दोन बिंदूंभोवतीच्या फेऱ्या अ आणि ब म्हणू. साध्या स्पर्शिकेला एक अर्धा पीळ : अ=ब. नोडला (वक्र स्वतःला छेदतो तो बिंदू) दोन : अब=बअ. कस्पला (वक्राचे अणकुचीदार टोक) तीन : अबअ=बअब. शेवटी सर्व जनकांचा गुणाकार १.

चूक बहुधा एकाच जागी होते. हे अ आणि ब मूळ जनक नसतात. पायाबिंदूपासून (जिथून सगळ्या फेऱ्या सुरू होतात) विशेष रेषेपर्यंतच्या वाटेने आणलेली जनकांची संयुग्मी रूपे (गअग⁻¹ अशी) असतात. वाट विसरली की गट बदलतो. अखंड वक्राचा (ज्याचे समीकरण अवयवांत फुटत नाही) गट क्रमनिरपेक्ष केल्यावर, म्हणजे सगळीकडे अब=बअ मानल्यावर, d घटकांचा चक्रीय गट यायला हवा, ही पडताळणी सगळे करतात. पण त्यात संयुग्मन पुसलेच जाते, त्यामुळे ही चूक तिथे सापडत नाही.

तीन कस्पांच्या चतुर्घाती वक्राचा गट १२ घटकांचा निघतो, आणि तो क्रमनिरपेक्ष नाही. खरी गंमत मात्र सहा कस्पांच्या षड्घाती वक्राची. विशेष रेषा १८ : बारा स्पर्शिका, सहा कस्पांतून जाणाऱ्या. सहाही कस्प एका शांकवावर (द्विघाती वक्रावर) असतील (f²+g³=0; f त्रिघाती, g द्विघाती), तर गट दोन आणि तीन घटकांच्या चक्रीय गटांचा मुक्त गुणाकार (दोघांत आपसांत कोणताच संबंध नाही), म्हणजे अनंत. शांकवावर नसतील, तर असे वक्र मिळतात ज्यांचा गट नुसता सहा घटकांचा चक्रीय. घात तीच, कस्प तितकेच. फरक फक्त ते कुठे बसलेत याचा. अशा जोड्यांना आज झारिस्की-जोडी म्हणतात.

फक्त नोड असतील तर गट क्रमनिरपेक्ष, हेही झारिस्कींनी सांगितले. पण ते सेव्हेरींच्या १९२१ मधल्या विधानाच्या (समान घातीचे, समान नोडांचे अखंड वक्र एकाच कुटुंबात बसतात) आधारावर, आणि त्या सिद्धतेत भोक होते. अभ्यंकरांनी १९५९ पासून बीजगणिताची वाट धरली. वक्र ज्या अखंड वक्रांचा बनतो ते घटक वक्र गुळगुळीत असून एकमेकांना आडवे छेदत असतील, तिथे त्यांना यश आले. एका घटक वक्राने स्वतःलाच छेदले की ती पद्धत अडते. फुल्टननी १९८० मध्ये बैजिक मूलभूत गटापुरते (मूलभूत गटाची बीजगणिताला दिसणारी सावली) उत्तर दिले, दलीन्य यांनी लगोलग खऱ्या मूलभूत गटासाठी. पूर्वी मुंबईच्या टाटा संस्थेत असलेले माधव नोरी यांची स्वतंत्र पद्धत १९८३ ची. सेव्हेरींचे मूळ विधान हॅरिसनी १९८६ मध्ये सिद्ध केले. तोवर झारिस्कींच्या प्रमेयाला त्याची गरज उरली नव्हती.