ईटीएफ सोपा की गुंतागुंतीचा? प्रश्नाची पार्श्वभूमी

रत्नागिरीकडे आंब्याची पट्टी आली की पैसे पतपेढीत नाहीतर सोन्यात जायचे. आता घरातलं कुणी बोटीवर असतं, कुणी आखातात, आणि मोबाइलवरच्या डीमॅट खात्यात ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड, असतो. 'निफ्टीचाच ना, मग सोपाच,' असं म्हणून घेतलेला. हा समज एके काळी खराच होता.

1993 मध्ये अमेरिकेत एस अँड पी 500 या शेअर निर्देशांकाचा ईटीएफ आला, आपल्याकडे डिसेंबर 2001 मध्ये निफ्टी निर्देशांकाचा निफ्टी बीज. निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात घेऊन ठेवायचे, बस्स. पेटीवर लिहिलंय तेच आत.

2006 मध्ये अमेरिकेत निर्देशांकाच्या दुपटीने किंवा उलट चालणारे ईटीएफ निघाले. नाव तेच, आत मात्र शेअरांऐवजी स्वॅप आणि फ्युचर्स, म्हणजे भावाच्या चढउतारावरचे करार. शिवाय दुप्पट ती फक्त एका दिवसापुरती. 100 वरचा निर्देशांक आज 10 टक्के चढून उद्या 10 टक्के उतरला, तर 99 वर येतो. दुपटीच्या ईटीएफमधले 100 रुपये आधी 120 होतात, मग 96. म्हणजे तोटा दुप्पट नाही, चौपट. हा हिशेब विकतानाच सांगायला हवा होता. 2009 मध्ये तिथल्या फिनरा या नियामक संस्थेने दलालांना बजावलं, की एका दिवसापेक्षा जास्त काळ ठेवणाऱ्या सामान्य गुंतवणूकदाराला हे सहसा योग्य नाहीत. 2019 पासून हाँगकाँगने असे ईटीएफ थेट गुंतागुंतीच्या उत्पादनांच्या यादीत घातले.

आपल्याकडे दुपटीचे ईटीएफ नाहीत. 2015 पासून फंडांवर रिस्कोमीटर हा काट्याचा तक्ता आहे, पण तो जोखीम मोजतो, गुंतागुंत नाही. साध्या निफ्टी ईटीएफचाही काटा 'अत्यंत जास्त'वर असतो, म्हणून त्यावरून सोपं-अवघड ठरवू नये.

आपली खरी अडचण भावाची. परदेशी शेअरांत पैसे घालायला सगळ्या म्युच्युअल फंडांची मिळून 7 अब्ज डॉलरची मर्यादा आहे, आणि परदेशी शेअरांचे ईटीएफ त्यातच येतात. ती भरत आली की ईटीएफची नवी युनिटं (हिस्से) निघत नाहीत, मागणी मात्र राहते, आणि बाजारातला भाव आतल्या मालाच्या किमतीच्या वर जातो. नंतर युनिटं सुटली की तो फरक विरतो, आणि महाग घेणाऱ्याचे तेवढे पैसे बुडतात. शेअरबाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या 2022 च्या परिपत्रकाने दिवसभर बदलती आयएनएव्ही, म्हणजे आतल्या मालाची त्या वेळची अंदाजे किंमत, दाखवणं बंधनकारक केलं. हा फरक त्यातूनच कळतो. खरेदीआधी तो आकडा भावाशेजारी ठेवून बघावाच.

बोटीवरच्या मुलाचं परदेशात खातं असेल, तर त्याला दुपटीचे ईटीएफही दिसतात, आणि तिथे आपला रिस्कोमीटर नसतो.