थंडीतली लढत, तिरपं ऊन आणि नाणेफेकीचा जुना वाद

कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये डिसेंबर-जानेवारीत दोन पेठांच्या संघांची गाठ पडणार असली की कट्ट्यावर आठवडाभर चर्चा चालते ती खेळाडूंची. कोण लंगडतोय, कोणावर कार्ड आहे, बाहेरून आणलेला स्ट्रायकर खरंच तेवढा दमाचा आहे का. हवामानाचा विषय निघालाच तर ‘थंडीत पोरं उशिरा तापतात’ एवढ्यावर संपतो. कोल्हापूरच्या हिवाळी डावपेचांत थंडीचा वाटा मात्र सगळ्यात कमी आहे. जानेवारीत पहाटेचं तापमान चौदा-पंधरा अंशांपर्यंत उतरत असलं तरी दुपारी ते तिशीच्या आसपास येतं आणि सामने दुपारीच होतात. चार वाजता इथं कोणाला हुडहुडी भरत नाही. इथला हिवाळा म्हणजे कोरडी हवा, पावसाळ्यानंतर आठवड्या-आठवड्याला कडक होत जाणारं मैदान आणि लवकर कलणारं ऊन. यातलं ऊन कोणाच्या डोळ्यांवर येणार, ते पंचाच्या हातातलं नाणं ठरवतं. त्या नाण्याचा नियम गेल्या तीसेक वर्षांत दोनदा फिरला आहे.

संस्थानकाळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण जे आहे ते शहराला पाठ आहे. राजाश्रय कुस्तीला होता तसा पुढं फुटबॉललाही मिळाला आणि तालमींनी हा खेळ आपलासा केला. आखाड्यात जोर-बैठका मारून तापलेली पोरं संध्याकाळी चेंडूमागे धावायची. सामन्याआधी अंग गरम करायचं असतं हे या शहराला कोणा परदेशी प्रशिक्षकाकडून शिकावं लागलं नाही. डावपेच असे फारसे नव्हते. अनवाणी पाय, वादीने आवळलेला चामडी चेंडू आणि ईर्षा, एवढ्यावर सामना व्हायचा. कोरड्या मैदानावर अनवाणी खेळण्यात फायदाही होता, कारण चेंडू पायाला कळतो. तो फायदा कुठं संपतो हे देशाला १९५२ साली हेलसिंकीत कळलं. ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असं हरवलं तेव्हा आपले काही खेळाडू अनवाणीच उतरले होते. त्यानंतर देशात बूट सक्तीचे झाले.

बुटांबरोबर पुस्तकंही आली, आणि घोटाळा तिथं झाला. हिवाळी फुटबॉलचं जे शास्त्र छापलेलं मिळायचं ते चिखलासाठी लिहिलेलं होतं. इंग्लंडमध्ये ऐन हंगामात पाऊस, बर्फ आणि धुकं. नोव्हेंबर १९४५ मध्ये मॉस्कोहून आलेल्या संघाने लंडनमध्ये दाट धुक्यात यजमानांना ४-३ असं हरवलं. मैदानाचं एक टोक दुसऱ्या टोकाहून दिसत नव्हतं, अशा आठवणी त्या सामन्याच्या सांगितल्या जातात. १९६२-६३ चा तिथला हिवाळा तर इतका कडक होता की राष्ट्रीय चषकाची तिसरी फेरी संपायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागला. अशा मैदानावर जमिनीलगतचा पास चिखलात रुततो, पाणी पिऊन चामडी चेंडू जड होतो, आणि मग ‘उंच मारा, पुढं मारा, मागून धावा’ हाच शहाणपणा ठरतो. त्यांच्या जागी तो बरोबरच होता.

आपल्याकडे तो जसाच्या तसा उतरला. थंडी म्हटली की लांब चेंडू, हे समीकरण इथल्या कितीतरी प्रशिक्षकांच्या डोक्यात पक्कं बसलं, मैदान खडखडीत असलं तरी. कोल्हापूरचा पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात पडून जातो. नोव्हेंबरात गवत हिरवं असतं, मैदान पायाला मऊ लागतं आणि चेंडू हवा तसा थांबतो. हंगामातले हे सगळ्यात चांगले आठवडे, आणि छोट्या पासांचा संघ याच काळात सगळ्यात धोकादायक असतो. जानेवारी उलटला, मैदानाला पाणी कमी पडलं की टप्पा वाढतो. लांब मारलेला चेंडू फॉरवर्डच्या डोक्यावरून जाऊन थेट गोलकीपरच्या हातात विसावतो. चिखलात जो डाव फळतो तोच कडक जमिनीवर प्रतिस्पर्ध्याला चेंडू आयता देतो. वाऱ्याचाही फार विचार करायला नको. या दिवसांत तो बहुधा पूर्वेकडचा आणि बेताचा असतो, पावसाळ्यातल्या पश्चिमेच्या वाऱ्यासारखा चेंडू वळवत नाही.

चेंडूतल्या हवेचं मात्र थोडं बघावं. दुपारी तीस अंशांत भरलेला चेंडू पंधरा अंशांत गेला तर आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या साधारण एक दशांशाने उतरतो. नियम ०.६ ते १.१ वातावरणदाब एवढी मुभा देतो, त्यामुळे चेंडू बाद होत नाही, पण पायाला मऊ लागतो. आदल्या दुपारी फुगवून ठेवलेल्या चेंडूवर पहाटे सराव करणाऱ्यांना हा फरक जाणवतो. दुपारच्या सामन्यात तो फारसा उरत नाही.

आता ऊन. डिसेंबरअखेरीला कोल्हापुरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चार वाजता सुरू झालेला पूर्ण नव्वद मिनिटांचा सामना धरला, तर सुरुवातीला सूर्य क्षितिजाच्या वर सुमारे पंचवीस अंशांवर असतो. पूर्वार्ध संपताना तो सोळावर येतो. उत्तरार्ध तेरा अंशांवर सुरू होतो आणि शेवटची शिट्टी वाजते तेव्हा जेमतेम तीन-चार उरलेले असतात. एप्रिलअखेरीला याच वेळी तो चौदा-पंधरा अंशांवर असतो. आणखी एक फरक दिशेचा. एप्रिलमध्ये सूर्य जवळजवळ सरळ पश्चिमेला उतरतो, डिसेंबरात तो चांगला पंचवीसेक अंश दक्षिणेकडे सरकून मावळतो. म्हणून मैदान उत्तर-दक्षिण आखलं की उन्हाचा प्रश्न मिटला, हे हिवाळ्यात खरं नाही. दक्षिणेकडे तोंड करून उभ्या असलेल्या, म्हणजे उत्तरेच्या गोलकीपरच्या उजव्या डोळ्यावर ऊन येतंच. चढाई करणाऱ्यांच्या डाव्या बगलेवरून आलेला उंच क्रॉस त्याला नेमका उन्हातून शोधावा लागतो. त्याच गोलवर उजव्या बगलेवरून मारलेला क्रॉस त्याला स्वच्छ दिसतो. एवढं लक्षात ठेवलं तरी डाव्या विंगला कोणाला खेळवायचं आणि कोणत्या अर्धात, या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं.

पूर्वी याला इतकं महत्त्व नव्हतं, कारण चेंडू इतका हवेत नसायचा. गेल्या दहा-पंधरा वर्षांत पेठांनी आफ्रिकेतले खेळाडू आणायला सुरुवात केली आणि गोलक्षेत्रातली उंची बदलली. हेडरवर गोल करणारा सहा फुटी स्ट्रायकर हाताशी असेल तर क्रॉस येणारच, आणि क्रॉस येणार असतील तर ऊन हा बाराव्या गड्यासारखा धरावा लागतो. किती परदेशी खेळवायचे यावर मर्यादा आल्या, वादही झाले, ते सगळ्यांना माहीत आहेत. डावपेचांच्या अंगाने पाहिलं तर त्या खेळाडूंनी इथल्या हिवाळी सामन्यात आणलेला सगळ्यात मोठा बदल म्हणजे बाजू निवडण्याला आलेली किंमत. तो क्वचितच कोणी बोलून दाखवतो.

ही निवड करायची कशी, हा मुद्दा जितका साधा दिसतो तितका नाही. १८६३ च्या मूळ नियमांत नाणेफेक जिंकणाऱ्याने गोल निवडायचा आणि हरणाऱ्याने चेंडू सुरू करायचा, असं स्पष्ट होतं. शिवाय प्रत्येक गोलनंतर बाजू बदलायच्या. म्हणजे ऊन-वाऱ्याचा अन्याय गोलागणिक फिरत राहायचा. ही पद्धत टिकली नाही. १८७० च्या दशकात बाजू फक्त मध्यंतराला बदलायचं ठरलं आणि त्या दिवसापासून हवामान हा पंचेचाळीस मिनिटांचा मामला झाला. त्याच दशकात नाणेफेक जिंकणाऱ्याला दोन पर्याय मिळाले, बाजू घ्या किंवा चेंडू घ्या. शंभराहून अधिक वर्षं हे असंच चाललं, आणि कोल्हापूरच्या जुन्या कर्णधारांनी जी नाणेफेक पाहिली ती हीच.

१९९७ साली नियमांची फेररचना झाली तेव्हा चेंडूचा पर्याय काढून टाकण्यात आला. नाणं जिंकलं की बाजूच निवडायची, चेंडू आपोआप समोरच्याकडे. एका अर्थी खेळ १८६३ ला परत गेला. गंमत अशी की त्याच फेररचनेत मध्यावरून थेट मारलेला गोल ग्राह्य धरायचं ठरलं. म्हणजे चेंडू सुरू करण्याची किंमत वाढवली आणि तो मागण्याचा हक्क काढून घेतला. २०१६ मध्ये सुरुवातीचा चेंडू कोणत्याही दिशेला, मागेही, खेळायला परवानगी मिळाली आणि सुरुवात आणखी मोलाची झाली. अखेर २०१९ मध्ये दोन्ही पर्याय परत आले. कारण देण्यात आलं ते असं की सुरुवात आता अधिक गतिमान झाली आहे आणि नाणं जिंकणारे कर्णधार चेंडूच मागतात.

हे कारण कोणत्या मैदानांवरून काढलं, हा प्रश्न विचारायला हवा. प्रकाशझोतात, चारी बाजूंनी छत असलेल्या स्टेडियमवर दोन्ही गोल सारखेच असतात. तिथं बाजू निवडण्यात फारसं काही नसतं, म्हणून चेंडू मागितला जातो. दिवसाउजेडी, कलत्या उन्हात खेळणाऱ्यांनी त्यांचं पाहून चेंडू मागायला लागणं म्हणजे हातातला हुकमाचा पत्ता दुसऱ्याला देणं. नियमाप्रमाणे तुम्ही चेंडू घेतलात की बाजू समोरचा निवडतो आणि उत्तरार्धाची सुरुवातही तोच करतो. एका पासच्या बदल्यात त्याला दोन गोष्टी मिळतात. तरीही हल्ली इथले तरुण कर्णधार बिनदिक्कत ‘बॉल’ म्हणतात. टीव्हीवर पाहिलेलं ते अनुकरण असावं, दुसरं सबळ कारण दिसत नाही.

दुसऱ्या बाजूचंही म्हणणं आहे आणि ते अगदीच पोकळ नाही. समर्थकांनी दोन्ही टोकं अशी गजबजलेली असतात की पहिल्या मिनिटाला चेंडू पायात असणं म्हणजे दडपण समोरच्यावर टाकणं. मोठ्या लढतीत पहिली पाच मिनिटं चाचपडण्यात जातात, चेंडू आपल्याकडे असला तर ती आपल्या मर्जीने जातात. काही संघांना उन्हापेक्षा आपल्या समर्थकांचं टोक प्यारं असतं. उत्तरार्धात त्या टोकाकडे चढाई करायची म्हणून ते पूर्वार्धात ऊन डोळ्यांवर घ्यायलाही तयार होतात. यात चूक नाही, पण मग बाजूच मागावी, चेंडू नव्हे.

बाजू मागणाऱ्यांतही दोन तट आहेत. एकांचं मत, ऊन आधी सोसावं आणि शेवटची पंचेचाळीस मिनिटं ते पाठीवर घ्यावं. दमलेल्या बचावफळीच्या डोळ्यांवर तेरा अंशांचं ऊन म्हणजे निम्मा गोल, असा त्यांचा हिशेब. दुसऱ्यांचं म्हणणं, पश्चिमेला उंच गॅलरी किंवा झाडं असतील तर सव्वापाचनंतर सावली मैदानभर पसरते आणि उत्तरार्धात ऊन उरतच नाही. म्हणून ते पहिल्याच अर्धात वापरून घ्यावं आणि आघाडी मिळवून बचाव करावा. दोन्ही बरोबर आहेत, मैदानागणिक. सामन्याच्या आदल्या दिवशी त्याच वेळी मैदानावर जाऊन सावली कितीला कुठवर येते हे कोणी बघून आलं तर वाद तिथंच मिटेल. मैदान अर्धं उन्हात आणि अर्धं सावलीत असतानाची ती दहा-पंधरा मिनिटं तर दोघांनाही वाईट. उजेडातून सावलीत शिरलेला चेंडू क्षणभर नजरेतून सुटतो, आणि अशा वेळी बॅकने चेंडू अडवण्याच्या नादात न पडता सरळ बाहेर काढावा. गोलकीपरला टोपी घालायची मुभा नियमांत आहे. ती वापरणारे इथं फारसे दिसत नाहीत, बहुधा गॅलरीतून काय ऐकावं लागेल या धास्तीने.

२०१९ चा बदल इथं रुजायला नीट वेळही मिळाला नाही. तो लागू झाला जूनमध्ये, ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या महापुराने शहर वेठीला धरलं, आणि हंगाम रंगात आला तोवर मार्च २०२० उजाडला. टाळेबंदीत सामने थांबले. त्यामुळे या नियमावर इथं पिढीजात शहाणपण असं तयार झालेलं नाही. चाळिशीतला प्रशिक्षक १९९७ नंतरच्या नियमात खेळलेला असतो, त्याला बाजू निवडायची एवढंच ठाऊक. साठीतल्याला दोन पर्याय आठवतात, पण तेव्हा मध्यावरून थेट गोल चालत नव्हता. विशीतल्या कर्णधाराला दोन्ही मिळालं आहे आणि दोघांपैकी कोणाचाच अनुभव त्याला पुरत नाही.

बाद फेरीत याला आणखी एक फाटा फुटतो. जादा वेळ द्यायचा झाला तर त्याआधी नाणं पुन्हा उडतं, म्हणजे आधीचा हिशेब पुसला जातो. डिसेंबरात तोवर सूर्य टेकलेला असतो आणि बाजूला काही किंमत उरत नाही. त्या वेळी मात्र चेंडू मागणं शहाणपणाचं. कित्येकदा थेट टायब्रेकरच होतो. तिथं आता नाणं दोनदा उडतं, एकदा कोणत्या गोलवर पेनल्टी मारायच्या यासाठी आणि एकदा पहिली कोणी मारायची यासाठी. कोणता गोल, हे मैदानाची अवस्था किंवा सुरक्षितता पाहून पंच स्वतःही ठरवू शकतो. संधिप्रकाशात, दोन्ही टोकांना समर्थक खेटून उभे असताना, हा अधिकार पंचाने वापरला की आरडाओरडा होतो. पण तो नियमाला धरून असतो, आणि दुसरी नाणेफेक जिंकणाऱ्याने पहिली पेनल्टी मागायची की दुसरी, एवढाच निर्णय कर्णधाराच्या हातात राहतो.