एका टीव्हीला अनेक जुने गेम आणि कॉम्प्युटर जोडणं

जुने टीव्ही गेम, जुने घरगुती कॉम्प्युटर, जोडीला एखादा व्हीसीआर किंवा सेटटॉप बॉक्स, हे सगळं एकाच टीव्हीला कायमचं जोडून ठेवायचं आणि दरवेळी टीव्हीमागे हात न घालता हवं ते लावायचं, अशी ही मांडणी. खान्देशात टीव्ही गेम म्हटलं की बहुतेकांना जपानी फॅमिकॉमच्या (निन्टेन्डोच्या टीव्ही गेमच्या) नकला आठवतात, म्हणजे लिटल मास्टर, टर्मिनेटर वगैरे, आणि त्यातल्या कार्ट्रिजला सगळे कॅसेटच म्हणतात.

प्रथा कधीची यावर दोन मतं दिसतात. एक मत असं की सपाट टीव्ही घरोघरी आल्यावर जुन्या मशिनी जपणाऱ्या हौशी लोकांनी ती सुरू केली, म्हणजे साधारण २००० नंतर. दुसरं मत तिला थेट १९७२ पर्यंत नेतं, कारण मॅग्नवॉक्स ओडिसी या पहिल्या घरगुती गेमसोबतच अँटेना की गेम हे निवडायची डबी यायची. दुसरं मत जास्त पटतं, कारण एक टीव्ही आणि त्यावर दोन दावेदार हा मूळ प्रश्न तेव्हाच आला होता. भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ पासूनचं, आणि नव्वदच्या दशकात जळगाव-धुळ्याकडच्या घरांत टीव्ही एकच असायचा, त्यामुळे ती छोटी सरकबटणाची डबी आपल्याकडेही आली. तिच्या एका बाजूला छतावरच्या अँटेनाची ३०० ओहमची चपटी वायर, दुसऱ्या बाजूला गेमची ७५ ओहमची गोल वायर. डबी वगळून दोन्ही वायरी सरळ पिळून जोडल्या तर गेमचा सिग्नल अँटेनातून बाहेर पडतो आणि शेजाऱ्याच्या टीव्हीवर उमटू शकतो, म्हणून डबी नुसत्या सोयीची नव्हती.

पुढचा सगळा घोळ सिग्नलच्या मापाचा आहे. पिन बसली म्हणजे सिग्नल जुळला असं नाही. पिवळ्या पिनेतून जाणारा व्हिडिओ १ व्होल्टचा आणि टीव्हीच्या आत ७५ ओहमचा भार, असं ठरलेलं गणित आहे. लोक काय करतात, बाजारातून वाय आकाराचा जोड आणतात आणि दोन गेम एकाच भोकात घालतात. दोन्ही चालू असले तर चित्रं एकमेकांवर चढतात, आणि एक बंद ठेवला तरी त्याचा भार वायरीवर राहतोच, १ व्होल्टचं साधारण ०.६७ होतं, चित्र काळवंडतं, सिंकही (चित्राच्या ओळी जागेवर धरणारा इशारा) तितकाच खाली येतो आणि मग चित्र फाटायला लागतं. बटणांचा साधा स्विच बॉक्स नको असलेली वायर तोडूनच टाकतो म्हणून तो बरा.

दुसरा मुद्दा ओळींचा. एनटीएससीत, म्हणजे अमेरिका-जपानच्या टीव्ही पद्धतीत, ५२५ ओळी दोन फेऱ्यांत येतात, प्रत्येकी २६२.५. जुने गेम अर्धी ओळ सोडून २६२ पाठवतात, त्यामुळे दोन्ही फेऱ्या एकाच जागी पडतात (यालाच आता २४०पी म्हणतात, शब्द नंतरचा आहे). डबा टीव्हीला, म्हणजे जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीला, यात काही वावगं वाटत नाही, पण सपाट टीव्ही याला ४८०आय (एकाआड एक ओळींच्या दोन फेऱ्यांचं नेहमीचं चित्र) समजून दोन फेऱ्या एकमेकांत विणायला जातो आणि चित्र लिबलिबीत होतं, काही टीव्ही तर सिग्नलच नाही म्हणून सांगतात. आपल्याकडच्या पॅल (भारतातली टीव्ही पद्धत) नकला सेकंदाला ५० चित्रं देतात, मूळ जपानी मशीन जवळपास ६०, म्हणून इथे ऐकलेल्या संगीताची पट्टी जवळजवळ तीच राहून लय संथ व्हायची. मूळ मशीन नंतर ऐकलेल्यांना ते पळतंय असं वाटतं ते याचमुळे.

कॉम्प्युटरांचं प्रत्येकाचं वेगळं. झेडएक्स स्पेक्ट्रम (१९८२) यूएचएफ या वरच्या टीव्ही पट्ट्यातल्या ३६ नंबरवर दिसतो, फक्त खालचा व्हीएचएफ पट्टा पकडणाऱ्या टीव्हीवर सापडतच नाही. क्लास या शालेय कॉम्प्युटर शिक्षणाच्या योजनेतून १९८४ पासून भारतीय शाळांत आलेला बीबीसी मायक्रो लाल-हिरवा-निळा वेगवेगळा देतो पण ५ व्होल्टच्या पातळीवर, आणि घेणाऱ्याला हवे असतात ०.७, म्हणून मध्ये रेझिस्टर लागतात. व्हीजीए पीसीचा आडवा वेग, म्हणजे सेकंदाला काढायच्या ओळी, ३१.५ किलोहर्ट्झ, डबा टीव्हीचा १५.६, तिथे नुसती वायर बदलून काही होत नाही.

सपाट टीव्हीसाठी मध्ये स्केलर, म्हणजे जुनं चित्र त्या टीव्हीच्या मापाचं करणारी डबी, लावतात. २०१६ च्या सुमाराचा ओएसएससी नावाचा स्केलर पूर्ण चित्र साठवून न ठेवता ओळीच दुप्पट-तिप्पट करतो, म्हणून त्यात उशीर नगण्य. आधी स्विच मग स्केलर हाच क्रम सोयीचा, एकच स्केलर सगळ्यांना पुरतो.

अॅडॅप्टरकडे मात्र नीट बघावं. फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागतो, मधलं टोक ऋण, आणि एनईएस या फॅमिकॉमच्या अमेरिकन रूपाचा अॅडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो, पिन दोन्हीकडे बसते आणि फॅमिकॉम जळतो. खान्देशात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा सगळे अॅडॅप्टर एका एक्स्टेंशन बोर्डवर चालू सोडणं बरं नाही. पडद्यावर काळा पट्टा सरकत असेल आणि आवाजात घरघर असेल तर आधी केबल टीव्हीची वायर काढून बघायची, बहुतेकदा दोष दोन ठिकाणच्या अर्थिंगचा निघतो.

अमळनेरच्या एका घरात मी पाहिलेली मांडणी अशी: २१ इंची डबा टीव्ही, मागच्या एव्हीला चार बटणांचा स्विच, अँटेनाच्या भोकात स्पेक्ट्रम, आणि पुढच्या एव्हीला बंदूकवाला टीव्ही गेम, थेट, मध्ये काहीच नाही. प्रत्येक वायरीवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळून बॉलपेनने नाव लिहिलेलं. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, निशाण पांढरं होतं आणि बंदुकीतला डोळा तो उजेड शोधतो. सपाट टीव्हीवर तो उजेड उशिरा येतो म्हणून नेम कधीच लागत नाही, आणि त्या घरात नंतर बाकी सगळं सपाट टीव्हीवर गेलं तरी हा डबा याच एका गेमसाठी ठेवलाय.