शेतमालाची घाऊक आयात (नागपूर)

कडधान्ये, मसाले, सुपारी, तेलबिया, कोको पावडर, दूध भुकटी असा कच्चा माल पोत्यांत किंवा पिंपांत भरून कंटेनरने परदेशातून आणणे आणि तो डाळ मिल, मसाला कारखाना किंवा फरसाणवाल्याच्या गोदामापर्यंत कायदेशीरपणे पोहोचवणे म्हणजे शेतमालाची घाऊक आयात. नागपूरला समुद्र नाही, पण कळमना आणि इतवारीच्या बाजाराला मोझांबिक, टांझानिया, म्यानमारची तूर, म्यानमारचा उडीद, कॅनडा-रशियाचा पिवळा वाटाणा, ऑस्ट्रेलियाची मसूर असा माल लागतो. तो बहुतेक न्हावा शेवा बंदरात उतरतो आणि तिथून रेल्वेने सुमारे साडेआठशे किलोमीटर आत, अजनी, मिहान किंवा बोरखेडीच्या आयसीडीत, म्हणजे कोरड्या बंदरात येतो.

या प्रवासामुळे एक अडचण कायमची मागे लागते. माल नागपुरात दिसतो तेव्हा बोट सुटून महिना झालेला असतो आणि कागदातली चूक सुधारणारा माणूस दुसऱ्या खंडात बसलेला असतो. म्हणून इथल्या आयातीतले बहुतेक काम माल बोटीत चढण्याआधीच संपवावे लागते. पुढची माहिती त्याच क्रमाने दिली आहे.

एका पोत्याकडे पाहणारी तीन खाती

आयात केलेल्या तुरीच्या एकाच पोत्याची तीन खाती तीन कारणांसाठी तपासणी करतात. वनस्पती संगरोध विभाग कीड, तण आणि माती शोधतो; त्याचा आधार १९१४ चा विध्वंसक कीटक व कीड कायदा आणि त्याखालचा २००३ चा आयात आदेश. एफएसएसएआय, म्हणजे देशाचे अन्नसुरक्षा प्राधिकरण, माणसाच्या खाण्यासाठी माल सुरक्षित आहे का ते पाहते. आधार २००६ चा अन्नसुरक्षा कायदा (आयातीसाठी कलम २५) आणि २०१७ चे आयात विनियम. सीमाशुल्क विभाग वर्गीकरण, किंमत आणि शुल्क पाहतो, १९६२ च्या कायद्याने. २०१६ पासून ‘स्विफ्ट’ या एकखिडकी व्यवस्थेत बिल ऑफ एंट्री (आयातदाराने सीमाशुल्काला द्यायचे मालाचे घोषणापत्र) भरली की पहिल्या दोन खात्यांकडे माहिती आपोआप जाते, तरी निर्णय तिघांचे वेगळेच राहतात. सीमाशुल्काचे ‘आउट ऑफ चार्ज’, म्हणजे माल सोडण्याचा आदेश, बाकी दोघांची संमती आल्यावरच मिळते. एफएसएसएआयचे स्वतःचे अधिकारी नसतील अशा अनेक ठिकाणी सीमाशुल्क अधिकाऱ्यांनाच अन्न आयातीसाठी अधिकृत अधिकारी नेमलेले असते.

प्रत्येक माल प्रत्येक ठिकाणी सोडवता येत नाही. अन्नासाठी आणि वनस्पती संगरोधासाठी प्रवेशाची ठिकाणे अधिसूचित असतात. आपला माल नागपूरला सुटेल की न्हावा शेव्यालाच सोडवून ट्रकने आणावा लागेल, हे सौदा करण्याआधी सीएचएकडून (कस्टम ब्रोकरला बाजारात अजून हेच म्हणतात) चालू यादी पाहून ठरवावे. दूध भुकटीसारख्या प्राणिजन्य मालाला पशुसंवर्धन विभागाचा सॅनिटरी इम्पोर्ट परमिट आणि पशु संगरोधाची तपासणी लागते, त्यामुळे तो माल बंदरावरच सोडवणे सोयीचे. दूध व दुग्धजन्य पदार्थ, मांस, अंडी पावडर, शिशुआहार आणि न्यूट्रास्युटिकल्स बनवणाऱ्या परदेशी कारखान्याचीही एफएसएसएआयकडे नोंदणी लागते.

सौद्याच्या वेळी

आयातदाराकडे आयईसी (आयात-निर्यात संकेतांक) क्रमांक आणि एफएसएसएआयचा आयातदार म्हणून केंद्रीय परवाना असायला हवा. डाळ मिलचा उत्पादन परवाना इथे चालत नाही. ही गफलत नागपुरात अजून दिसते आणि ती लक्षात येईपर्यंत कंटेनर यार्डात येऊन पडलेला असतो.

बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल बोटीत चढल्याच्या शिपिंग लाइनच्या पावतीवर, अंतिम ठिकाण म्हणून नागपूरचा आयसीडी लिहिलेला असला, तर शिपिंग लाइन बंदरावर ट्रान्सशिपमेंटची परवानगी (एसएमटीपी) घेऊन सीलबंद कंटेनर रेल्वेने पुढे पाठवते आणि बिल ऑफ एंट्री नागपुरात भरली जाते. तिथे नुसते ‘न्हावा शेवा’ लिहिले असेल, तर जहाज आल्यावर दुरुस्तीसाठी लाइनच्या मागे धावावे लागते आणि कंटेनरचे मोफत दिवस बंदरातच संपतात. हे मोफत दिवस नागपूरच्या हिशेबाने जास्त मागून घ्यावेत आणि ते बंदरावरून मोजायचे की आयसीडीतून, हे लेखी ठरवावे. माल अडकला की दोन मीटर एकदम फिरू लागतात: कंटेनर अडकवल्याबद्दल लाइनचे डिटेन्शन आणि जागेबद्दल आयसीडीचे भाडे.

बिल ऑफ लेडिंगच्या तारखेला आणखी एक वजन आहे. कडधान्यांचे धोरण वारंवार फिरते. पिवळ्या वाटाण्यावर नोव्हेंबर २०१७ मध्ये ५० टक्के शुल्क लागले, पुढे आयातीवर बंधने आली, ८ डिसेंबर २०२३ ला आयात शुल्कमुक्त झाली आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून पुन्हा ३० टक्के शुल्क आले. अशा अधिसूचनांत सवलत बहुधा बिल ऑफ लेडिंगच्या तारखेवर ठरते. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच्या बिलाचा वाटाणा शुल्काविना आला. पाच दिवस उशिरा भरलेला कंटेनर त्या वेळी थेट नुकसानीत गेला. करारात ‘शिपमेंट अमुक महिन्यात’ एवढेच न लिहिता शेवटची तारीख आणि ती चुकली तर सौदा रद्द करण्याचा हक्क लिहून घ्यावा.

फायटो आणि फ्युमिगेशन

निर्यातदार देशाच्या वनस्पती संरक्षण संस्थेचे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, बोलीत ‘फायटो’, नसेल तर कच्च्या कडधान्याला भारतात वाट नाही. त्यात शास्त्रीय नाव (तुरीला कजानस कजान), पोत्यांची संख्या, वजन, उगमदेश आणि २००३ च्या आयात आदेशाच्या अनुसूचीत त्या माल-देश जोडीसाठी मागितलेले जादा निवेदन शब्दशः असावे लागते. निवेदनाचा एक शब्द गाळला तरी अडवणूक होते. म्हणून मसुदा आधी मागवून अनुसूचीशी ओळीओळीने ताडून पाहणे हे सीएचएच्या पैशाचे सर्वांत मोलाचे काम आहे.

फ्युमिगेशन म्हणजे कीड मारण्यासाठी दिलेली वायूची धुरी. डाळींच्या भुंगेऱ्यासाठी मिथिल ब्रोमाइड वायूची नेहमीची मात्रा २१ अंश सेल्सिअस किंवा अधिक तापमानाला दर घनमीटरला ३२ ग्रॅम, २४ तास. वीस फुटी कंटेनरचे आतले आकारमान सुमारे ३३ घनमीटर, म्हणजे एका कंटेनरला किलोभराहून थोडा जास्त वायू. एवढ्या वायूने काम व्हायचे तर तो दाण्यापर्यंत पोहोचायला हवा. पोत्याला आतून प्लास्टिकचे अस्तर असेल, माल छतापर्यंत ठासलेला असेल किंवा कंटेनरच्या हवेच्या खिडक्या चिकटपट्टीने बंद केलेल्या नसतील, तर प्रमाणपत्र खरे असूनही भुंगेरा जिवंत निघतो. काही देश मिथिल ब्रोमाइड वापरतच नाहीत. तिथला माल भारतात आल्यावर मान्यताप्राप्त फ्युमिगेटरकडून धुरी देऊन सोडवावा लागतो. त्याचा खर्च आणि दिवस भावात आधीच धरावेत.

बाजारात भुंगेऱ्याची जेवढी चर्चा होते तेवढी तणाच्या बियांची होत नाही, पण धोका त्यांचाही मोठा आहे. आदेशाच्या आठव्या अनुसूचीत संगरोध तणांची यादी आहे. कॅनडा-रशियाच्या वाटाण्यात असे बी सापडले तर माल चाळून, चाळण विभागासमोर नष्ट करून मगच सोडला जातो. विदर्भाच्या शेतात नवे तण शिरले तर ते काढायला पिढ्या जातील. या तपासणीला केवळ अडथळा समजणे चूक आहे. लाकडी पॅलेट असतील तर त्यांवर आयएसपीएम-१५ (लाकडी पॅकिंगचे आंतरराष्ट्रीय मानक) चा शिक्का हवा: लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंशांना ३० मिनिटे उष्णता, किंवा मिथिल ब्रोमाइडची धुरी.

एफएसएसएआयचा नमुना

कागद तपासणी, डोळ्यांनी पाहणी, मग नमुना असा क्रम. जोखमीच्या निकषांवर प्रणाली काही खेपा विनानमुना सोडते, तरी प्रत्येक खेप तपासली जाईल असे धरूनच माल घ्यावा. नमुन्याचे दोन भाग होतात: एक अधिसूचित प्रयोगशाळेकडे जातो, दुसरा राखून ठेवतात. पहिला नापास झाला तर दुसरा भाग रेफरल प्रयोगशाळेत तपासण्याची मागणी करता येते. तोही नापास झाला तर माल परत पाठवणे किंवा नष्ट करणे एवढेच उरते. आयात होताना मालाचे आयुष्य ६० टक्के किंवा मुदतीपूर्वी तीन महिने, यातले जे कमी असेल तेवढे शिल्लक असावे लागते. कोको पावडर किंवा लेसिथिन घेताना हा हिशेब बोटीच्या दिवसांसकट करावा.

नापास होण्याची कारणे बहुधा तीच ती असतात. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे ओलाव्यात वाढणाऱ्या बुरशीचे विष: कडधान्यांत मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम, मसाल्यांत ३०. युरिक आम्ल किलोला १०० मिलिग्रॅमच्या वर गेले तर कीड येऊन गेल्याचा तो पुरावा, मग पोते वरून कितीही स्वच्छ दिसो. फ्युमिगेशनने किडा मरतो, युरिक आम्ल जात नाही. ज्या कीटकनाशकाची मर्यादा त्या पिकासाठी ठरलेली नाही, त्याला सर्वसाधारणपणे किलोला ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते आणि आफ्रिकेतल्या अनेक छोट्या शेतांचा एकत्र केलेला माल इथे अडकतो. कापणीआधी पीक वाळवायला फवारलेल्या ग्लायफोसेटची चाचणी वाटाणा आणि मसुरीत २०१८ पासून होते. धान्यात लाखोळीचा दाणाही चालत नाही. पूर्व विदर्भात लाखोळी घरोघरी माहीत असल्याने इथल्या मिलवाल्याच्या डोळ्याला ती वावगी वाटत नाही. आयातीच्या मालात ती नसावी हे मुद्दाम लक्षात ठेवावे लागते. सोयाबीन, मका, बटाटा, जवस अशा २४ पिकांच्या खेपेला १ मार्च २०२१ पासून बिगर-जीएम (जनुकीय बदल न केलेल्या मालाचे) प्रमाणपत्र लागते.

लेबलची चूक दोन प्रकारची. आयातदाराचे नाव-पत्ता, एफएसएसएआयचे चिन्ह व परवाना क्रमांक आणि शाकाहाराचे चिन्ह सीमाशुल्काच्या ताब्यातल्या जागेतच न निघणाऱ्या स्टिकरने लावून दुरुस्त करता येते. लॉट क्रमांक, उत्पादन तारीख किंवा मुदत मुळात छापलेलीच नसेल तर ती इथे चिकटवता येत नाही.

शुल्काचा हिशेब

शुल्क लागते ते भाडे आणि विम्यासह किमतीवर, सीमाशुल्काने जाहीर केलेल्या विनिमय दराने. भाडे दाखवता आले नाही तर एफओबीच्या (बोटीत चढवेपर्यंतच्या किमतीच्या) २० टक्के, विमा दाखवता आला नाही तर १.१२५ टक्के धरतात. कडधान्यासारख्या जड आणि स्वस्त मालाला हे अंदाजी भाडे प्रत्यक्षापेक्षा महाग पडू शकते. नागपूरसाठी एक सवलत आहे आणि ती अनेकदा हातची जाते: बंदरापासून आयसीडीपर्यंतचे रेल्वेभाडे शुल्कयोग्य किमतीत धरायचे नसते. त्यासाठी लाइनच्या बिलात समुद्री भाडे आणि आतले भाडे वेगळे दाखवून घ्यावे. एकच आकडा आला तर सगळ्यावर शुल्क बसते.

समजा शुल्कयोग्य किंमत १०० रुपये आणि मूळ शुल्क ३० टक्के. त्या ३० रुपयांवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे ३ रुपये. १३३ रुपयांवर ५ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) ६.६५. एकूण ३९.६५ रुपये. आयजीएसटीचे क्रेडिट मिळते, बाकीचे ३३ रुपये खर्चातच जातात.

मोझांबिक, मलावी, टांझानिया, म्यानमार या अल्पविकसित देशांच्या मालाला शुल्क-प्राधान्य योजनेत सवलत मिळू शकते. त्यासाठी नुसते उगम प्रमाणपत्र पुरत नाही, २०२० च्या नियमांनुसार उगमाची माहिती आयातदाराने स्वतः जवळ ठेवायची असते. काळी मिरी किलोला ५०० रुपयांपेक्षा आणि सुपारी ३५१ रुपयांपेक्षा कमी सीआयएफ (भाडे-विम्यासह) किमतीला आणण्यास मनाई आहे. खर्ऱ्याच्या (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाच्या) या शहरात सुपारीचा भाव ऐकून कोणी भुरळ घातली तर हा आकडा आधी आठवावा.

बिल ऑफ एंट्री माल येण्याच्या ३० दिवस आधीपर्यंत भरता येते आणि भरावीच. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये. मूल्यांकन फेसलेस, म्हणजे समोरासमोर न येता ऑनलाइन, असल्याने शंका दुसऱ्याच शहरातल्या अधिकाऱ्याकडून येते. त्याला इथला बाजार माहीत नसतो. करार, भावाचा पत्रव्यवहार आणि मालाचे तांत्रिक वर्णन सुरुवातीलाच जोडले तर एक फेरी वाचते. शुल्क भरायला उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज.

कंटेनर उघडताना

वीस फुटी कंटेनरात साधारण २४ टन, म्हणजे ५० किलोची ४८० पोती. ज्यूटचे बारदान सहाशे ग्रॅमचे धरले तरी बारदानाचेच २८८ किलो होतात. पॅकिंग लिस्टमध्ये निव्वळ आणि ढोबळ वजन उलटसुलट लिहिले तर तोलकाट्यावर जवळजवळ तीन क्विंटलचा फरक निघतो आणि साधी चूक लपवाछपवीसारखी दिसते.

सील क्रमांक बिल ऑफ लेडिंगशी जुळवून फोटो काढावा, मगच सील तोडावे. प्रवासात फॉस्फिनच्या (विषारी धुरी सोडणाऱ्या) गोळ्या ठेवलेल्या असतील तर दार उघडून हवा खेळू द्यावी आणि मापक यंत्राने ०.३ पीपीएमखाली वाचन आल्याशिवाय हमालांना आत पाठवू नये. मे महिन्यात पत्रा तापलेला असताना सावलीच्या घाईने हा नियम मोडला जातो. त्यात माणसे दगावू शकतात. मग दाराजवळची, मधली आणि आतली पोती निवडून परखी (नमुना काढायची टोकदार नळी) खुपसतात. वरच्या थराला हात लावून पाहावा. दमट किनाऱ्यावर भरलेला माल नागपूरच्या हिवाळी रात्रीत आला की छताच्या आतून दव धरते, थेंब वरच्या पोत्यांवर पडतात आणि तिथेच बुरशी धरते. भरताना ओलावा १२ टक्क्यांच्या आत, भिंतींना व वर क्राफ्ट कागद आणि कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या एवढे करारात घातले तर हे बरेच टळते. भिजलेली पोती वेगळी काढून, विमा सर्वेअरला बोलावून, नमुना घेणाऱ्या अधिकाऱ्याला दाखवावीत. चांगल्या मालात मिसळली तर पूर्ण खेप नापास होण्याची पाळी येते.

कडधान्य सुटल्यावर साठा ग्राहक व्यवहार विभागाच्या पोर्टलवर जाहीर करायचा असतो. २०२४ च्या जून ते सप्टेंबरात तूर आणि हरभऱ्यासाठी आयातदाराला सीमाशुल्क सुटल्यापासून ४५ दिवसांपलीकडे माल ठेवायला बंदी होती. असा आदेश पुन्हा येऊ शकतो, म्हणून ‘आउट ऑफ चार्ज’ची तारीख प्रत्येक लॉटच्या पाटीवर लिहून ठेवावी. रिकामा कंटेनर लाइनला परत देण्याआधी आतून झाडून घ्यावा, सांडलेले दाणे गोळा करून जाळावेत आणि पावतीवर ‘स्वच्छ’ असा शेरा घ्यावा, नाहीतर साफसफाईचे बिल महिन्याने येते.