मिनी ट्रॅक्टरचा धूर, सेन्सर, डीपीएफचा प्रॉब्लेम : वॉरंटी कुणाला मिळते, कागदं काय लागतात आणि क्लेम कसा टाकायचा

मिनी ट्रॅक्टर काळा धूर मारायला लागला, मीटरवर पिवळी लाईट लागली किंवा चढाला ताकदच देईना झाला की आपल्याकडं पहिला फोन ओळखीच्या फिटरला जातो, तो बांधावर येतो, डिझेल पंपाचं सील तोडून स्क्रू थोडा फिरवतो, तेवढ्यापुरतं भागतं आणि तिथंच वॉरंटी संपते. तासगाव-पलूस-कवठेमहांकाळकडच्या द्राक्षबागांत आणि कराड-कोरेगावकडं ऊस भरणीला हे छोटे ट्रॅक्टर आता घरटी दिसतात, म्हणून ही प्रक्रिया नीट लिहून ठेवतोय. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. सील, सायलेन्सर, सेन्सर, वायरिंग याला शोरूमबाहेरच्या कुणाचाही हात लागू द्यायचा नाही आणि पहिल्याच दिवशी जॉब कार्ड (शोरूममध्ये तक्रार आणि काम नोंदवलेला कागद) करून घ्यायचं. क्लेम पास होतो की नाही ते बऱ्याचदा या दोन गोष्टींवरच ठरतं.

आधी आपल्या ट्रॅक्टरला नेमकं काय बसवलंय ते बघा, कारण सगळ्यांना सगळं नसतं. भारतात ट्रॅक्टरसाठी धुराचे नियम ट्रेम नावानं येतात. ट्रेम चार १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला, पण तो ३७ किलोवॅट म्हणजे साधारण ५० एचपीच्या वरच्या इंजिनांना. त्यांच्यात कॉमन रेल (जास्त दाबानं डिझेल सोडणारी सिस्टीम), ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह), सायलेन्सरच्या जागी डीओसी (धूर साफ करणारा पार्ट), काहींना डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) अशी सगळी मंडळी असते. ५० च्या आतल्यांना अजून ट्रेम तीन-अ चालतो, म्हणून बागेतल्या २०-२८ एचपीच्या ट्रॅक्टरला बहुतेक साधा मेकॅनिकल पंपच असतो. मग तिथं धुराची सिस्टीम म्हणजे काय, तर डिझेल पंप, त्याचं टायमिंग आणि सील, नोझल, एअर क्लीनर, टर्बो असेल तर टर्बो, ईजीआर असेल तर ईजीआर. पुढचा टप्पा ट्रेम पाच, त्यात १९ किलोवॅटच्या म्हणजे साधारण २५ एचपीच्या वरच्या इंजिनांना धुरातल्या कणांच्या संख्येचीही मर्यादा आहे, म्हणजे डीपीएफ हळूहळू छोट्या ट्रॅक्टरपर्यंत येणारच आहे, तारीख तेवढी पुढं ढकलली गेलीय.

आता एक गैरसमज. मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून बरेच जण शोरूममध्ये सांगतात की धुराच्या पार्टला पाच वर्षं वॉरंटी कायद्यानंच असते. ते खरं आहे, पण तिथलं. तिथल्या केंद्र सरकारच्या नियमात धुराच्या सिस्टीमची वॉरंटी वेगळी आणि सक्तीची आहे, १९ किलोवॅटच्या आतल्या इंजिनाला २ वर्षं किंवा १५०० तास, त्यावरच्या ट्रॅक्टरच्या इंजिनाला ५ वर्षं किंवा ३००० तास, जे आधी होईल ते. आपल्याकडं क्लेम टाकायचा तो कंपनीच्या वॉरंटी पुस्तकावर, त्यामुळं अमेरिकेचा आकडा सांगून शोरूममध्ये उपयोग होत नाही, उलट समोरच्याला कळतं की यानं आपलं पुस्तक वाचलेलं नाही.

पुस्तकात पात्रतेसाठी काय बघायचं? मुदत वर्षं आणि तास अशी दोन्हीत असते आणि जे आधी भरेल ते धरतात. ब्लोअरला (फवारणीच्या यंत्राला) रोज जुंपलेल्या ट्रॅक्टरचे तास वर्षाच्या आधी भरतात, त्यामुळं 'अजून सहा महिने आहेत' अशा हिशोबात राहू नका. दुसरं, काही कंपन्या पहिली दोन वर्षं पूर्ण ट्रॅक्टरवर आणि पुढची वर्षं फक्त इंजिन-गिअरबॉक्सच्या आतल्या भागांवर देतात. सहा वर्षांची वॉरंटी असं बोर्डावर मोठं लिहिलेलं असलं तरी चौथ्या वर्षी सेन्सर किंवा ईजीआर त्यात बसतो का, हे पुस्तकातल्या यादीतच कळतं. तिसरं, डिझेल पंप, नोझल, बॅटरी, टायर यांची वॉरंटी बऱ्याच पुस्तकांत तो पार्ट बनवणाऱ्या कंपनीकडं ढकललेली असते, म्हणजे पंप त्यांच्या अधिकृत डिझेल सेंटरला जातो. तरी तक्रार आपण आपल्या ट्रॅक्टर डीलरकडंच लिहून द्यायची, पंप पाठवायचं काम त्यांचं, आणि पंप कुठं पाठवला, कधी पाठवला हे लेखी घ्यायचं.

सेकंडहँड घेतलेला असेल तर आरसी आधी नावावर करून घ्या, उरलेली वॉरंटी नव्या मालकाला मिळते का ते पुस्तकात बघा, नसेल लिहिलं तर शोरूमकडून लेखी घ्या. ट्रॅक्टर वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा हे तर घरोघरी आहे, अशा वेळी वडिलांचं साधं सहीचं संमतीपत्र आणि आधारची झेरॉक्स सोबत ठेवा म्हणजे जॉब कार्डवर सही कुणाची यावर अडत नाही. बँकेचा बोजा असला तरी क्लेमला काही अडचण नाही.

काय बसत नाही तेही स्पष्ट सांगतो. फिल्टर, ऑइल, कूलंट, युरिया सोल्युशन (काही इंजिनांत धूर साफ करायला लागतं ते) हे खर्चाचं सामान. डीपीएफमध्ये साठलेली राख साफ करणं मेंटेनन्समध्ये धरतात. काजळीचं मात्र वेगळं आहे, त्यावर भांडता येतं. काजळी जळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो, आणि ट्रॅक्टर तासन् तास आयडलवर उभा किंवा हलक्या कामाला असला की तो तापतच नाही, मग रिजनरेशनची (काजळी जाळून डीपीएफ मोकळा करायची) लाईट येते आणि ड्रायव्हर ती बटण दाबून बंद करतो किंवा मधेच इंजिन बंद करतो. अशा वेळी कंपनी चूक वापरणाऱ्यावर टाकते आणि ईसीयूमध्ये ती नोंद दिसते. पण रिजनरेशन नीट पूर्ण करूनही डीपीएफ सारखा भरत असेल तर मूळ दोष नोझल, टर्बोचं ऑइल, ईजीआर नाहीतर प्रेशर सेन्सरमध्ये असू शकतो. नुसता डीपीएफ साफ करून बिल हातात दिलं तर गप्प बसू नका, दोष कशामुळं ते तपासून जॉब कार्डवर लिहा असं म्हणा.

आणि 'डीपीएफ काढून टाकतो, मॅपिंग करून देतो, ॲव्हरेज वाढेल' असं म्हणत ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून देणाऱ्याला लांबूनच नमस्कार. त्यानं इंजिनाची वॉरंटीही अडचणीत येते.

कागदपत्रं : मूळ टॅक्स इनव्हॉइस, आरसी, वॉरंटी पुस्तक आणि डिलिव्हरीच्या दिवशीचं सही केलेलं पान, सगळ्या सर्व्हिसची जॉब कार्डं, ऑइल-फिल्टरची बिलं (ऑइल पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच, डीपीएफवाल्यांना तर हे फारच महत्त्वाचं), मालकाचं आधार. बिल हरवलं असेल आणि ट्रॅक्टर अनुदानात घेतलेला असेल तर महाडीबीटीवर अपलोड केलेली प्रत शोधा, नाहीतर डीलरकडून डुप्लिकेट मागा. सोबत मोबाईलमध्ये तास दिसणारा मीटरचा फोटो, लाईटचा किंवा एरर कोडचा फोटो, धुराचा व्हिडिओ. डिझेलची बिलं जमतील तेवढी ठेवा.

डिझेलच्या बिलांवर एवढा जोर का, तर 'डिझेल खराब' हे क्लेम नाकारायचं सगळ्यात सोपं कारण आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर पंपांवर बीएस सहाचं डिझेल मिळतं, गंधक १० पीपीएमच्या आत, त्यामुळं नेहमीच्या पंपावरचं बिल असलं की आपली बाजू भक्कम होते. कॅनमध्ये साठवलेलं, कुणाकडून उसनं घेतलेलं डिझेल टाकत असाल तर ते बंद करा. शोरूमनं डिझेलवर बोट ठेवलं तर टाकीतला नमुना दोन स्वच्छ बाटल्यांत काढायला लावा, दोन्ही सीलबंद, दोघांच्या सह्या, एक बाटली आपल्याकडं.

आता प्रत्यक्ष क्लेम. लाईट लागली किंवा ताकद गेली की ट्रॅक्टर ओढत काम पूर्ण करायचं नाही, बंद करून त्याच दिवशी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवायची आणि तक्रार नंबर वहीत लिहायचा. छाटणीनंतर फवारणीच्या दिवसांत डाउनीची (द्राक्षावरच्या बुरशीची) भीती असताना एक दिवस थांबणं जड जातं मला मान्य आहे, पण लाईट लागल्यावर चालवलेले तास ईसीयूत राहतात आणि मग 'निष्काळजीपणा' हा शब्द रिपोर्टमध्ये येतो, त्यापेक्षा शेजारचा ट्रॅक्टर भाड्यानं घ्या आणि त्याची पावती घ्या. शोरूममध्ये जॉब कार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहायला लावायची, 'जनरल चेकअप' असं लिहिलेलं असेल तर सही करायची नाही. तारीख आणि तास त्यावर पाहिजेतच, कारण काम लांबलं आणि मधे मुदत संपली तरी तक्रार मुदतीत केली होती हे दाखवायला तोच कागद उपयोगी पडतो. मग एरिया सर्व्हिस मॅनेजरची तपासणी होते, फोटो-कोड कंपनीला जातात, मंजुरी येते. पार्ट वॉरंटीत बदलला की जुना पार्ट बहुतेक कंपनी ठेवते आणि नव्या पार्टला उरलेल्या मुदतीचीच वॉरंटी मिळते.

नाकारला तर कारण लेखी मागा, तोंडी नकारावर घरी येऊ नका. पैसे भरून काम करून घ्यावंच लागलं तर बिलावर 'वॉरंटी क्लेम वादात, हक्क राखून रक्कम भरली' असं लिहून सही करा आणि जुना पार्ट पिशवीत घालून घरी आणा, कारण ग्राहक आयोगाला दोष ठरवायला गरज पडली तर वस्तू प्रयोगशाळेत पाठवता येते, पार्टच नसला तर तपासायचं काय? मुदत नुकतीच संपली असेल तर 'गुडविल'मध्ये अर्ज द्या, सर्व्हिस रेकॉर्ड चांगलं असेल तर कंपन्या कधीकधी पार्टचा काही भाग उचलतात.

तरीही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, फोन फुकट आहे. मग डीलर आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टानं नोटीस, आणि शेवटी सातारा किंवा सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस पुण्यात किंवा चेन्नईत असलं तरी. अर्ज ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो, वकील सक्तीचा नाही. वस्तूसाठी दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जावं लागतं. स्वतःच्या शेतीला, किंवा स्वतः चालवून त्यावरच पोट भरायला घेतलेला ट्रॅक्टर असेल तर आपण कायद्यानं ग्राहकच, ड्रायव्हर ठेवून चार-पाच ट्रॅक्टर भाड्यानं फिरवत असाल तर मात्र समोरचा वकील 'व्यावसायिक वापर' म्हणणार. अर्जात दुरुस्तीच्या खर्चासोबत ट्रॅक्टर बंद असतानाचं भाडंही मागता येतं, त्याला त्या भाड्याच्या पावत्या जोडा.