आमवात : उतारवयातील औषधबदल

आमवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटल्याने होणारा आजार. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘कॉपकॉर्ड’ या सांधेदुखीच्या आजारांच्या सर्वेक्षणात प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे ०.५ टक्का आढळले. साठीनंतर तो बळावला की औषधे बदलावी लागतात.

त्याआधी दुखणे खरोखर आमवाताचेच आहे का, हे पाहावे लागते. सकाळी तासभर मूठ न वळणे, मनगटे व बोटांची मुळे सुजणे ही त्याची खूण. केवळ जिना चढताना गुडघा दुखत असेल तर ती बहुधा झीज असते. पुण्यात पावसाळ्यानंतर चिकुनगुन्याही सांधे असेच धरतो, आणि २०२४ मध्ये शहराने त्याची मोठी साथ अनुभवली. ईएसआर, म्हणजे रक्तातून सुजेचा अंदाज देणारी तपासणी, वयानेही चढतो, त्यामुळे एकट्या त्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. गोळ्या नियमित घेतल्या जातात का, हेही विचारावे. ‘गरम पडतात’ म्हणून त्या परस्पर बंद झालेल्या असतात.

मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी घ्यायचे असते, सोबत वेगळ्या वारी फॉलिक अ‍ॅसिड. चुकून रोज घेतले गेल्यास तोंड सोलवटते, रक्तपेशी घटतात, जीवही जातो. म्हणून दिनदर्शिकेवर तो वार ठळक करावा आणि गोळ्यांची जबाबदारी घरातल्या एकाने घ्यावी. हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडते. वृद्धांचे स्नायू कमी झालेले असल्याने क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा रक्तातील निर्देशक) ठीक दिसूनही मूत्रपिंड मंदावलेले असू शकते. मात्रा वाढवण्यापूर्वी ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, पाहणे म्हणूनच अटळ. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दिले जाणारे कोट्रायमोक्साझोल त्यासोबत घातक ठरते. वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंड, जठर व हृदय तिन्हींवर ताण टाकतात.

स्टेरॉइडने दोन दिवसांत बरे वाटते, आणि नेमका तिथेच धोका आहे. साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. उसळी ओसरेपर्यंत कमी मात्रेत घेऊन, डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू उतरवणे हाच त्याचा योग्य उपयोग; दीर्घकाळ घेतलेले एकाएकी थांबवणेही धोक्याचे.

‘आता वय झाले’ म्हणून अपुरे उपचार करणे मात्र चूकच, कारण वाकडी झालेली बोटे नंतर औषधाने सरळ होत नाहीत. तीन महिन्यांत सुधारणा नसेल, किंवा सहा महिन्यांत आजार आटोक्यात आणण्याचे उद्दिष्ट गाठले नसेल, तर उपचार बदलतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वा सल्फासॅलाझिन जोडता येते. पहिल्यासाठी डोळ्यांची तपासणी लागते. पुढची पायरी जैविक इंजेक्शनांची, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचा ठरावीक दुवा रोखणाऱ्या औषधांची. त्याआधी दडलेला क्षयरोग तपासणे भारतात अनिवार्यच मानावे. टोफासिटिनिबच्या गोळ्या सोयीच्या असल्या, तरी हृदयविकाराचा धोका असलेल्या पन्नाशीपुढच्या रुग्णांवरील २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जैविक औषधांच्या तुलनेत हृदयविकार व कर्करोग अधिक दिसले. या गोळ्यांनी नागीण उठण्याची शक्यताही वाढते, म्हणून तिची लस आधी घेऊन ठेवतात.