शहरातली माणसं खरंच तुटक असतात का?

‘पुण्या-मुंबईची माणसं तोडून बोलतात’ असं साताऱ्यात किंवा सांगलीत म्हणून बघा, होकार देणारे भरपूर भेटतील. मुलगा हिंजवडीत नोकरीला असतो आणि समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे त्याला वर्ष उलटलं तरी ठाऊक नसतं. इकडे घरी पाहुणा आला की अख्ख्या आळीला कळतं. तक्रारीत तथ्य आहे, पण तिच्यात तीन प्रश्नांची सरमिसळ झाली आहे. शहरातला माणूस अनोळखी माणसाला किरकोळ मदत करतो का? कुणी संकटात सापडलं तर धावून जातो का? आणि त्याला स्वतःला जिवाभावाची माणसं असतात का? समाजमानसशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ गेल्या साठेक वर्षांत हे प्रश्न वेगवेगळे मोजत आले आहेत, आणि तिन्हींची उत्तरं निरनिराळी आली आहेत.

पेन पडलं तर

पहिल्या प्रश्नावर सर्वांत चिकाटीने काम केलं ते रॉबर्ट लेव्हिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने. त्यांच्या चमूने २३ देशांतल्या एकेका मोठ्या शहरात तीन साध्या चाचण्या घेतल्या आणि २००१ मध्ये निष्कर्ष छापले. पहिली चाचणी पेनची. प्रयोग करणारा समोरून एकट्या येणाऱ्या माणसाच्या दिशेने चालत जातो. चाल ठरलेली आणि सरावाने पक्की केलेली: दहा सेकंदांत पंधरा पावलं. दोघांत दहा ते पंधरा फूट अंतर उरलं की तो खिशात हात घालतो, पेन मागे पडतं, आणि आपल्याला पत्ताच नाही अशा थाटात तो पुढे निघून जातो. समोरच्याने हाक मारली किंवा पेन उचलून दिलं तर मदत धरायची. दुसऱ्या चाचणीत पायाला मोठा, सहज दिसणारा आधारपट्टा बांधून लंगडत चालणाऱ्याच्या हातून मासिकांचा गठ्ठा पडतो आणि त्याला वाकून तो उचलता येत नाही. तिसरीत काळा चष्मा लावून, पांढरी काठी घेऊन एक जण सिग्नल हिरवा होण्याच्या बेताला चौकात उभा राहतो. साठ सेकंद होईपर्यंत किंवा दिवा पुन्हा लाल होईपर्यंत कुणी पुढे येतं का, हे पाहायचं.

तिन्ही चाचण्या मिळून रिओ दि जानेरोत ९३ टक्के वेळा मदत मिळाली. कोस्टा रिकातल्या सान होजेत ९१, मलावीतल्या लिलाँग्वेत ८६, आणि चौथं आलं आपलं कोलकाता, ८३ टक्के. तळाशी न्यूयॉर्क ४५ आणि क्वालालंपूर ४०. कोलकात्याची दाटी ज्याने पाहिली आहे त्याने या आकड्यापाशी जरा थांबावं. नुसत्या गर्दीने माणूस तुसडा होत असता तर कोलकाता इतकं वर आलंच नसतं. शहरांच्या क्रमवारीशी ज्या गोष्टीचा संबंध दिसला ती होती देशाची क्रयशक्ती: श्रीमंत देशांतल्या शहरांत मदत सरासरीने कमी.

मात्र एकाच देशातली शहरं शेजारी ठेवली की चित्र बदलतं. याच लेव्हिन यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या ३६ शहरांची तुलना छापली होती. तिथे दर चौरस मैलावरची दाटी हाच मदतीचा अंदाज देणारा सर्वांत ठळक घटक ठरला: दाटी जास्त तिथे मदत कमी. ऑस्ट्रेलियात पॉल अमाटो यांनी १९८३ मध्ये ५५ गावं-शहरं तपासली. मदतीतली घसरण सिडनीसारख्या महानगरापुरती नव्हती, वीसेक हजार वस्तीच्या पुढेच ती जाणवू लागली होती. हे माप लावलं तर २०११ च्या जनगणनेत सव्वा लाखाच्या आसपास असलेला साताराही ‘शहरा’च्याच बाजूला जातो, पाच लाखांची सांगली-मिरज-कुपवाड महापालिका तर जातेच.

अलीकडचा एक अभ्यास याला छेद देतो. ब्रिटनमध्ये एलेना झ्विर्नर आणि निकोला राइहानी यांनी २०२० मध्ये शहरांतल्या आणि खेड्यांतल्या वस्त्यांत हरवलेली पत्रं, रस्त्यात पडलेल्या वस्तू आणि पादचाऱ्यासाठी थांबणाऱ्या गाड्या मोजल्या. शहर आणि गाव यांत फरक सापडला नाही. फरक होता तो वस्तीच्या आर्थिक स्थितीत, आणि तोही लेव्हिन यांच्या उलट दिशेने: हलाखीच्या वस्तीत मदत कमी. देशादेशांची तुलना आणि एका देशातल्या वस्त्यावस्त्यांची तुलना या वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात.

लक्ष पुरवून वापरावं लागतं

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०३ मध्येच म्हटलं होतं की महानगरात मनावर इतक्या गोष्टी आदळतात की माणूस स्वतःभोवती अलिप्तपणाचं कवच तयार करतो. १९७० मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅम यांनी त्याला आकडे जोडले. न्यूयॉर्कच्या उपनगरातल्या नॅसॉ काउंटीत एखाद्याला आपल्या कचेरीपासून दहा मिनिटांच्या टप्प्यात ११ हजार माणसं भेटू शकत, नेवार्कमध्ये २० हजार, आणि मॅनहॅटनच्या मध्यभागी २ लाख २० हजार. म्हणजे जवळजवळ दोन सातारे, दहा मिनिटांत.

इतक्या लोकांकडे माणूस म्हणून पाहणं मेंदूला जमणारं नाही. मग काही सवयी लागतात. प्रत्येकाला कमी सेकंद द्यायचे. ज्याचं आपल्याशी काम नाही त्याच्याकडे पाहायचंच नाही. चेहरा असा ठेवायचा की कुणी पत्तासुद्धा विचारू नये. आणि मदतीचं काम पोलीस, रखवालदार, चौकशी खिडकी अशा ठरलेल्या माणसांवर सोपवायचं. सकाळी साडेनऊला दादरच्या पुलावर यातली प्रत्येक सवय पाहायला मिळते. त्या पुलावर चालता चालता थांबून कुणाचं पेन उचलणं मागच्यांना आपल्या अंगावर कोसळण्याचं निमंत्रणच असतं.

मिलग्रॅम यांच्या विद्यार्थ्यांनी दारंही वाजवली. ‘जवळच राहणाऱ्या मित्राचा पत्ता हरवलाय, एक फोन करू का?’ असं विचारायचं. शहरात ७५ टक्के लोक बंद दाराआडून किंवा छिद्रातून बोलले. छोट्या गावांत ७५ टक्के लोकांनी दार उघडलं. हा आकडा वाचताना भीतीचा वाटाही धरला पाहिजे. लक्ष उरलेलं नसणं आणि धोका वाटणं या दोन कारणांनी दार सारखंच बंद राहतं, पण त्यांवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

मला यातला सर्वांत मोलाचा निष्कर्ष नॅन्सी स्टेब्ले यांचा वाटतो. त्यांनी १९८७ मध्ये तोवरचे असे पुष्कळ प्रयोग एकत्र करून तपासले. खेड्यांत मदत जास्त, हे एकूण चित्र कायम राहिलं. पण माणूस लहानाचा मोठा कुठे झाला यापेक्षा तो या क्षणी कुठे उभा आहे, याने फरक पडत होता. वाईचा माणूस दादरला दादरकरासारखा वागतो आणि मुंबईकर पाचगणीच्या बाजारात निवांत गप्पा मारतो. तुटकपणा माणसाच्या अंगात मुरलेला नसतो, जागा त्याच्याकडून तो करवून घेते.

संकटात कोण धावतं

या प्रश्नावर एका बातमीची सावली फार वर्षं पडून राहिली. १३ मार्च १९६४ रोजी न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला आणि ३८ शेजारी नुसते बघत राहिले, असं छापून आलं. पुढच्या तपासण्यांत ती बातमी टिकली नाही. हल्ला नीट दिसलेले लोक मोजकेच होते, आणि एक शेजारीण तर धावत खाली येऊन किटीजवळ थांबली होती. तरी त्या बातमीमुळे जॉन डार्ली आणि बिब लाटाने या मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग घडले, आणि ते भक्कम आहेत. १९६८ च्या प्रयोगात विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून ध्वनियंत्रणेवरून बोलत होते आणि त्यांतल्या एकाला झटका आल्याचा आवाज ऐकवला गेला. ऐकणारा आपण एकटेच आहोत असं समजत असेल तर झटका संपायच्या आत ८५ टक्के जण मदतीला उठले. आणखी चार जण ऐकत आहेत अशी समजूत असेल तेव्हा ३१ टक्के. दुसऱ्या एका प्रयोगात खोलीत धूर सोडला. एकटा असेल तर ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन सांगितलं, शेजारी दोन जण ढिम्म बसले असतील तर फक्त १० टक्के.

खरे रस्ते याहून आशादायक निघाले. रिचर्ड फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन इथल्या २१९ भांडण-मारामाऱ्यांचं सीसीटीव्ही चित्रण पाहिलं. दर दहांतल्या नऊ प्रसंगांत निदान एक जण तरी मध्ये पडला होता, आणि बघे जितके जास्त तितकी कुणीतरी मध्ये पडण्याची शक्यता जास्त. एकेका माणसाची पावलं गर्दीत जड होतात, पण माणसंच जास्त असल्यामुळे कुणीतरी निघतंच. मोठ्या आपत्तीत तर मदत हवी की नको अशी संदिग्धता उरतच नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईकरांनी अनोळखी लोकांना घरात घेतलं. २०१९ च्या कृष्णेच्या महापुरात सांगलीने तेच पाहिलं.

डार्ली-लाटाने यांच्या कामातून निघणारी कृती प्रत्येकाला पाठ हवी. खंबाटकी घाटात अपघात झाला आणि भोवती वीस जण जमले तर ‘कुणीतरी फोन करा’ असं ओरडून उपयोग नाही. एकाकडे बोट करा: ‘निळा शर्ट, तुम्ही १०८ लावा आणि लावून झालं की मला सांगा.’ दुसऱ्याला: ‘तुम्ही मागे जाऊन गाड्या हळू करा.’ फोनवर जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, बाजू पुण्याकडची की साताऱ्याकडची, आणि जखमी किती, एवढं आधी सांगावं. पोलिसांसाठी ११२. जखमीला ओढून काढायची घाई करू नये. आग किंवा अंगावर येणारी वाहनं असा धोका असेल तरच हलवावं, कारण मानेला इजा असली तर ओढाताणीने ती वाढते.

आपल्याकडे लोक मागे राहण्याचं आणखी एक कारण पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांची धास्ती. २०१९ च्या सुधारणेने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १३४अ यासाठीच आहे. प्रामाणिक हेतूने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर, मदतीत काही चुकलं तरी, दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. हे कलम रिक्षा स्टँडवर आणि हायवेच्या ढाब्यांवर लावलेलं असायला हवं.

शहरातल्या मैत्र्या

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शहराच्या बाजूने जातं. समाजशास्त्रज्ञ क्लॉड फिशर यांनी उत्तर कॅलिफोर्नियात सुमारे एक हजार लोकांच्या मुलाखती घेतल्या. ते काम १९८२ मध्ये प्रसिद्ध झालं. शहरातल्या लोकांचा शेजाऱ्यांशी आणि नातेवाइकांशी संबंध कमी होता, पण अडीअडचणीला उभं राहणाऱ्या मित्रांत ते गावकऱ्यांच्या मागे नव्हते. फक्त ते मित्र शेजारी राहत नव्हते, एवढंच. २०१४ मध्ये पोर्तुगाल आणि ब्रिटनच्या फोन-नोंदींचा अभ्यास झाला. सव्वाचार हजार वस्तीच्या लिक्सा गावातल्या माणसापेक्षा लिस्बनमधल्या माणसाचे फोनवरचे संबंध साधारण दुप्पट होते. (लिस्बनची वस्ती जवळपास आपल्या सांगली-मिरज-कुपवाडएवढीच.) आणि आपले दोन मित्र एकमेकांनाही ओळखत असण्याचं प्रमाण गावात नि शहरात सारखंच निघालं. शहरातही माणूस आपलं छोटं गाव बांधतोच.

सातारा-सांगलीला याचा पुरावा बाहेर शोधावा लागत नाही. पाटण, जावळी, खटावकडून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्यांनी गावकीच्या खोल्या चालवल्या. पाळी संपलेला झोपायला यायचा तेव्हा दुसरा कामावर निघायचा, जेवण खानावळीत, आणि नवा पोरगा आला की त्याला लावून देण्याची जबाबदारी गावाची. खानापूर-आटपाडीकडचे गलाई कारागीर सोनं-चांदी गाळायला देशभरच्या सराफ बाजारांत पसरले, तेही एकाने दुसऱ्याला बोलावून घेत. लाखोंच्या शहरात आपल्या तालुक्याचे दोनशे जण सापडतात, म्हणून हे शक्य होतं.

स्वतः मोजायचं असेल तर

पेनची चाचणी शाळा-कॉलेजच्या प्रकल्पासाठी उत्तम आहे. अंध किंवा जखमी असल्याचं सोंग मात्र करू नये. एकदा फसलेला माणूस खऱ्या गरजवंताकडे संशयाने पाहतो.

दोघं जण लागतात, एक टाकणारा आणि एक लांबून नोंद घेणारा. पेन जाड, उजळ रंगाचं घ्या, कारण हॉर्नच्या आवाजात ते पडल्याचं ऐकू येत नाही आणि ज्याला दिसलंच नाही त्याला मदत न करणारा ठरवणं चूक आहे. म्हणून नोंदवहीत ‘पाहिलं नाही’ असा रकाना हवाच. मोबाइलमध्ये डोकं घातलेले लोक त्याच रकान्यात जातात. माणूस आपण निवडायचा नाही, नाहीतर नकळत प्रेमळ चेहरे निवडले जातात. विजेचा एखादा खांब ठरवा आणि दर तीन मिनिटांनी तो ओलांडणारी पहिली एकटी, प्रौढ व्यक्ती घ्या. दोन्ही हातांत पिशव्या असलेले आणि फार वयस्कर लोक वगळा. पदपथ मोकळा हवा. रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याला वाकायला लावणं धोक्याचं आहे. पाऊस आणि बाजाराचा दिवस टाळा.

छोट्या शहरात एक खास अडचण येते. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर चार-पाच वेळा पेन पडलं की चहावाल्याच्या लक्षात येतं, आणि टाकणारा साताऱ्याचाच असेल तर समोरून ओळखीचा निघतो. मग आपण अनोळखी माणसाला मिळणारी मदत मोजतच नाही. म्हणून साताऱ्यात टाकणारा सांगलीचा घ्या, सांगलीत साताऱ्याचा, आणि जागा सतत बदला.

आकड्यांच्या बाबतीत उतावीळपणा नको. ३० पैकी २१ जणांनी मदत केली तर ७० टक्के हा आकडा देखणा दिसतो, पण खरं प्रमाण ५४ ते ८६ मध्ये कुठेही असू शकतं. १०० चाचण्यांत ही कक्षा नऊ टक्के इकडे-तिकडे एवढी आक्रसते. एका शहरात ७० आणि दुसऱ्यात ६० टक्के असा फरक खात्रीने सांगायचा तर प्रत्येक ठिकाणी साडेतीनशे चाचण्या लागतात.

शेवटचा रकाना ‘गाव कोणतं?’ याचा ठेवा. नोंद झाल्यावर ज्याने पेन उचललं त्यालाही विचारा आणि जो तसाच पुढे गेला त्यालाही, नाहीतर एकाच बाजूची माहिती जमा होते. पुण्यात स्वारगेटला उभं राहिलं तर सातारा-सांगलीची माणसं भरपूर मिळतील. त्यांची टक्केवारी पोवई नाक्यावरच्या सातारकरांशी जुळते की स्वारगेटवरच्या पुणेकरांशी, एवढं तपासलं की स्टेब्ले यांचा निष्कर्ष आपल्याकडे लागू पडतो का ते कळेल.